राखीव मेल सर्व्हर : आधार की ओझे?

बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळमार्ग १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला पोहोचला आणि पुढे वाढत वाढत १९११ साली लातूरला. या मार्गाने येडशीला स्थानक दिले. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, मात्र बाजूला राहिले. त्यामुळे अनेक दशके धाराशिवच्या प्रवाशाला आगगाडी गाठावयाची तर वीसेक किलोमीटर अंतर तोडून येडशीला यावे लागे आणि परतताना येथेच उतरून पुढच्या वाहनाची वाट पाहावी लागे. २००७ आणि २००८ साली या मार्गाचे टप्प्याटप्प्याने रुंदीकरण झाले, नवी आखणी धाराशिवमधून गेली आणि ही अडचण संपली. येडशीचे स्थानक आजही आहे. परंतु धाराशिवकरांसाठी ‘मधले थांबण्याचे ठिकाण’ ही त्याची भूमिका इतिहासजमा झाली.

एखादी व्यवस्था एके काळी अपरिहार्य असते. ज्या अडचणीपोटी ती जन्मली ती अडचण दूर झाल्यावर तिचे काय करावयाचे, हा प्रश्न रेल्वेपुरता मर्यादित नाही. शाळा, महाविद्यालये, पतसंस्था आणि लहान कार्यालये यांचा पत्रव्यवहार आता फार मोठ्या प्रमाणात ई-मेलने चालतो. ज्या संस्था स्वतःच्या नावाचे डोमेन घेऊन स्वतःचा मेल सर्व्हर चालवितात, त्यांच्यापुढे कधी ना कधी एक प्रस्ताव येतोच : मुख्य सर्व्हर बंद पडला तर पत्रे हरवू नयेत म्हणून दुसरा, राखीव सर्व्हर ठेवावा. प्रस्ताव ऐकताक्षणी पटण्यासारखा असतो. घरात कंदील असावा, गाडीत जादा चाक असावे, तसा हा दुसरा सर्व्हर. तथापि कंदिलाची उपमा येथे कितपत लागू पडते, हे हिशेब मांडल्याशिवाय कळावयाचे नाही.

राखीव सर्व्हर करतो तरी काय?

प्रथम या यंत्राचे काम नेमके काय ते पाहिले पाहिजे. प्रत्येक डोमेनच्या नावापुढे इंटरनेटवरील नोंदवहीत ‘या नावाची पत्रे अमुक सर्व्हरकडे द्यावीत’ अशी नोंद असते. अशा एकाहून अधिक नोंदी करता येतात आणि प्रत्येकीला पसंतीचा क्रमांक देता येतो. लहान क्रमांकाचा सर्व्हर प्रथम; तो उत्तर देईना, तर मोठ्या क्रमांकाचा. हा दुसऱ्या पसंतीचा सर्व्हर पत्र स्वीकारतो, स्वतःजवळ रांगेत ठेवतो आणि मुख्य सर्व्हर जागा झाला की त्याच्या स्वाधीन करतो. ज्याच्या नावाचे पत्र आहे त्या माणसाला ते या मधल्या काळात साधारणतः वाचता येत नाही, कारण त्याची पत्रपेटी मुख्य सर्व्हरवर असते. म्हणजे राखीव सर्व्हर हे दुसरे कार्यालय नव्हे. ते केवळ दुसरे प्रतीक्षालय आहे. मोठ्या सेवा अनेक यंत्रे समान दर्जाने चालवितात आणि पत्रपेट्या त्या सर्वांना सामायिक असतात. ती व्यवस्था निराळी आणि तिचा खर्चही निराळा.

या व्यवस्थेचा जन्म ज्या परिस्थितीत झाला, त्या परिस्थितीत ती शहाणपणाचीच होती. ई-मेलच्या देवाणघेवाणीचे मूळ नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढले आणि पसंतीक्रमाच्या नोंदींची पद्धत क्रेग पार्ट्रिज यांनी १९८६ साली मांडली. त्याच १९८६ साली भारतात ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याच्या प्रकल्पास प्रारंभ झाला. केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र असे आठ सहभागी त्यात होते. देशाबाहेर जाणाऱ्या पत्रांचे प्रवेशद्वार मुंबईतील हे केंद्र होते. त्या काळी बहुसंख्य संस्थांचे संगणक जाळ्याला अखंड जोडलेले नसत. ठरावीक वेळी दूरध्वनी जोडावयाचा, साठलेली पत्रे आणावयाची, आपली पाठवावयाची आणि दूरध्वनी ठेवून द्यावयाचा, अशी रीत होती. जो सर्व्हर दिवसातील बहुतेक वेळ भेटतच नाही, त्याच्यासाठी कोणीतरी सदैव जागे राहून पत्रे सांभाळणे आवश्यकच होते. सर्वसामान्य नागरिकासाठी इंटरनेट विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले केले. त्यानंतरही काही वर्षे दूरध्वनीच्या तारेवरून अधूनमधून जोडणी हीच लहान संस्थांची स्थिती होती. आज फायबर आणि मोबाइल जाळे गावोगाव पोहोचले आहे. जोडणी खंडित होते, पण खंडित असणे हा नियम राहिलेला नाही. म्हणजे मूळ कारण बव्हंशी नाहीसे झाले आहे.

पाठविणाऱ्याचा संयम

मुख्य सर्व्हर बंद असेल आणि राखीव सर्व्हर नसेल, तर पत्राचे काय होते? येथेच बहुतेकांचा गैरसमज आहे. पत्र हरवते, असे मानले जाते. प्रत्यक्षात ते पाठविणाऱ्याच्या सर्व्हरवरच सुखरूप राहते. पोस्टमन सही घेऊन द्यावयाचे पत्र घेऊन येतो आणि दाराला कुलूप दिसते, तेव्हा तो पत्र फेकून देत नाही. परत नेतो आणि पुन्हा येतो. मेल सर्व्हरचे वर्तन असेच आहे. २००८ साली जॉन क्लेन्सिन यांनी संपादित केलेल्या सुधारित नियमावलीची शिफारस अशी की, एकदा प्रयत्न फसल्यावर साधारणतः किमान अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करावा आणि निदान चार-पाच दिवस प्रयत्न सोडू नयेत. म्हणजे जगातील प्रत्येक शिस्तशीर सर्व्हर हा आपल्या संस्थेसाठी आधीच विनामूल्य राखीव सर्व्हरचे काम करीत असतो.

या चार दिवसांचे महत्त्व आकड्यांत पाहावे. वर्षाचे तास ८,७६०. एखाद्या संस्थेचा सर्व्हर वर्षातील ९९ टक्के वेळ चालू आहे, असे धरू. गावातील वीजपुरवठा, पावसाळा, रस्त्याच्या कामात तुटणारी केबल हे सारे लक्षात घेता हा आकडा फारसा अभिमानास्पद नाही. उरलेला एक टक्का म्हणजे ८७.६ तास. चार दिवसांचे तास होतात ९६. याचा अर्थ असा की, वर्षभरातील सगळी बंद वेळ दुर्दैवाने एकाच आठवड्यात, सलग आली, तरीही नियम पाळणाऱ्या सर्व्हरकडून येणारे एकही पत्र परत जाण्याचे कारण नाही. मग राखीव सर्व्हर नेमके काय वाचवितो?

वेळ वाचवितो, असे उत्तर दिले जाते. तेही तपासून पाहण्याजोगे आहे. पत्रे दोन प्रकारची असतात. एक, ज्यांना घाई नाही : परिपत्रके, देयके, सभेचा वृत्तान्त. ती पाठविणाऱ्याकडे सहा तास थांबली काय किंवा राखीव सर्व्हरवर सहा तास थांबली काय, वाचणाऱ्याला फरक पडत नाही. दुसरा प्रकार घाईच्या पत्रांचा : दहा मिनिटांत निरुपयोगी होणारा ओटीपी, आज दुपारच्या बैठकीचा निरोप. ती राखीव सर्व्हरवर सुरक्षित राहिली तरी वाचणाऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. मुख्य सर्व्हर सुरू होईतो त्यांचा उपयोग संपलेला असतो. घाई नसलेल्या पत्राला राखीव सर्व्हरची गरज नाही आणि घाईच्या पत्राला त्याचा उपयोग नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर या जादा साधनाची सीमांत उपयोगिता शून्याच्या अगदी जवळ आहे.

एक लाभ मात्र प्रांजळपणे मान्य केला पाहिजे. वारंवार अपयश आल्यावर पाठविणारे सर्व्हर दोन प्रयत्नांतील अंतर वाढवीत नेतात. त्यामुळे मुख्य सर्व्हर सुरू झाल्यावरही काही पत्रे आणखी तास-दोन तास रेंगाळतात. राखीव सर्व्हर आपल्या ताब्यात असेल, तर साठलेली पत्रे ताबडतोब हवाली करता येतात. शिवाय पुन्हा प्रयत्न न करणारी सदोष यंत्रणा अधूनमधून आढळते; तिचे पत्र राखीव सर्व्हर वाचवू शकतो. लाभ आहे, पण केवढा आहे आणि त्यासाठी मोजावी लागणारी किंमत कोणती, हाच खरा प्रश्न आहे.

न दिसणारी किंमत

यंत्राच्या भाड्याची किंमत दिसते. महिना हजार रुपये गृहीत धरले तर वर्षाचे बारा हजार झाले, ते अंदाजपत्रकात लिहिता येतात. न दिसणारी किंमत अधिक जड असते. मुख्य सर्व्हरवर नको असलेली पत्रे अडविण्याची जी जी व्यवस्था केली आहे, ती सारी राखीव सर्व्हरवरही तितकीच काटेकोर ठेवावी लागते. व्यवहारात ती ठेवली जात नाही, कारण ‘तो काय, कधीतरी लागणारा’ अशी वृत्ती असते. ही ढिलाई स्पॅम पाठविणाऱ्यांना ठाऊक आहे. मुख्य सर्व्हर व्यवस्थित चालू असतानाही ते मुद्दाम दुसऱ्या पसंतीच्या सर्व्हरचा दरवाजा ठोठावतात. पुढच्या दाराला पहारेकरी आणि मागच्या दाराला नुसती कडी, असे झाले की चोर कोणत्या दाराने येईल हे सांगावयास नको.

याहून गंभीर अडचण पुढची आहे. संस्थेत कोणकोणत्या नावांच्या पत्रपेट्या आहेत याची यादी राखीव सर्व्हरजवळ अद्ययावत नसेल, तर तो अस्तित्वात नसलेल्या नावांची पत्रेही स्वीकारतो. नंतर मुख्य सर्व्हर ती नाकारतो. आता राखीव सर्व्हरवर ती ‘पाठविणाऱ्याकडे’ परत करण्याची जबाबदारी येते. परंतु स्पॅममधील पाठविणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा, कोणा तिसऱ्याच निरपराध माणसाचा असतो. त्या माणसाच्या पेटीत न पाठविलेल्या पत्रांच्या परतीचा पाऊस पडतो आणि आपल्या संस्थेचा सर्व्हर उपद्रवी म्हणून काळ्या यादीत जातो. मग मुख्याध्यापकांनी विद्यापीठाला पाठविलेले साधे, सरळ पत्रही अडविले जाऊ शकते. येणारी पत्रे वाचविण्यासाठी केलेला उपाय जाणाऱ्या पत्रांच्या मुळावर येतो.

तिसरी किंमत सर्वांत कमी बोलली जाते आणि तिचा संबंध थेट माणसांशी आहे. एखाद्या शिक्षणसंस्थेने कारकुनाच्या जागेसाठी ई-मेलने अर्ज मागविले आहेत, अशी कल्पना करा. कळंब तालुक्यातील एका उमेदवाराने मुदतीच्या आदल्या सकाळी अर्ज पाठविला. त्याच वेळी संस्थेचा मुख्य सर्व्हर बंद आहे. राखीव सर्व्हर नसेल, तर उमेदवाराचा सर्व्हर प्रयत्न करीत राहील आणि अनेक सेवा काही तासांनी ‘पत्र अद्याप पोहोचलेले नाही’ अशी सूचना त्याला देतील. तो दूरध्वनी करील, बसने येऊन अर्ज हाती देईल. राखीव सर्व्हर असेल, तर पत्र स्वीकारले गेले. नियमाप्रमाणे स्वीकारणाऱ्याने एकदा होकार दिला की पत्राची जबाबदारी त्याची. पाठविणारा मोकळा होतो आणि निश्चिंतही. दरम्यान राखीव सर्व्हरची जागा भरली आहे, की कोणी वर्षभर न पाहिल्यामुळे त्याची रांग पुढे सरकतच नाही, हे कोणालाच ठाऊक नाही. मुदत टळते. उमेदवार म्हणतो, अर्ज पाठविला. संस्था म्हणते, मिळाला नाही. दोघेही खरे बोलतात आणि नोकरी तिसऱ्यालाच मिळते. उशिरा येणारे पत्र परवडते. पोहोचल्याचा भास निर्माण करणारे पत्र परवडत नाही.

डिसेंबर २०२० च्या मध्यास हाच धडा मोठ्या प्रमाणावर मिळाला. गुगलच्या ओळख पटविणाऱ्या यंत्रणेत बिघाड होऊन तिच्या अनेक सेवा पाऊण तासाच्या आसपास बंद पडल्या. त्याचा गाजावाजा फार झाला. लगेचच दुसरा बिघाड झाला, तो पत्रव्यवहाराच्या दृष्टीने अधिक वाईट होता : जीमेलचे सर्व्हर चालू होते, पण कित्येक खऱ्याखुऱ्या पत्त्यांबाबत ‘असे खाते अस्तित्वात नाही’ असे कायमस्वरूपी नकाराचे उत्तर देत होते. अशा नकारानंतर पाठविणारा पुन्हा प्रयत्न करीत नाही. पत्र तत्काळ परत जाते. राखीव सर्व्हर कितीही असते, तरी त्यांची पाळीच आली नसती, कारण मुख्य सर्व्हर ‘उत्तर’ देत होता. ई-मेलची व्यवस्था मौन सहन करते, चुकीचे उत्तर सहन करीत नाही. म्हणून बिघडलेला सर्व्हर शांतपणे बंद असणे हे अर्धवट जुळवणी केलेल्या दुसऱ्या सर्व्हरने बोलण्यापेक्षा पुष्कळदा सुरक्षित असते.

एकाच फांदीवरची दोन घरटी

दुहेरी व्यवस्थेच्या समर्थनार्थ संभाव्यतेचे गणित पुढे केले जाते. एक सर्व्हर एक टक्का वेळ बंद, दुसराही एक टक्का. दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक, म्हणजे वर्षात जेमतेम त्रेपन्न मिनिटे. गणित बरोबर आहे. मात्र त्यात एक अट दडलेली आहे. दोन्ही अपयशांची कारणे परस्परांपासून स्वतंत्र असली पाहिजेत. येडशीसारख्या गावात दोन्ही सर्व्हर एकाच इमारतीत, एकाच वीजवाहिनीवर आणि एकाच केबलवर असतील, तर ही अट पहिल्याच वादळात मोडते. खांब पडला की दोन्ही बंद. एकाच फांदीवर दोन घरटी बांधल्याने पाखरू अधिक सुरक्षित होत नाही. त्याहीपलीकडे, डोमेनचे वार्षिक शुल्क भरावयाचे राहिले, तर मुख्य आणि राखीव हे दोन्ही सर्व्हर उत्तम चालू असूनही संस्थेचे नावच नोंदवहीतून जाते आणि पत्रांना पत्ताच उरत नाही.

अपवाद आहेत आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. जेथे आठवडाभर सलग जोडणी तुटण्याचा खरा धोका आहे, तेथे चार-पाच दिवसांचा संयम पुरणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त केली. असा प्रसंग पाहिलेल्या मुलखाला ‘आठवडाभर काहीच चालू नसणे’ ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. परंतु अशा आपत्तीसाठी उपयोगी पडावयाचा सर्व्हर जिल्ह्याबाहेर, निराळ्या वीजवाहिनीवर, निराळ्या सेवादात्याकडे असला पाहिजे. तेथे पत्रे नुसती साठता कामा नयेत, वाचताही आली पाहिजेत. आणि तो सांभाळणारा प्रशिक्षित माणूस कायम असला पाहिजे. रुग्णालय, आपत्ती निवारण केंद्र, मोठी बँक यांना हा खर्च शोभतो. पन्नास पत्रपेट्यांच्या शाळेला तो शोभत नाही.

मग पैसा कोठे घालावा?

साधने मर्यादित आणि गरजा अनेक, हे अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात शिकविले जाते. राखीव सर्व्हरवरील बारा हजार रुपयांचा खरा खर्च म्हणजे त्या बारा हजारांत जे दुसरे काही होऊ शकले असते ते, म्हणजेच संधी खर्च. या दृष्टीने पाहता लहान संस्थेपुढे अधिक लाभदायी पर्याय पुष्कळ आहेत.

पहिला पर्याय नोंदवहीचा. डोमेनच्या नावाची उत्तरे देणारे नामसर्व्हर मात्र दोन, आणि तेही वेगवेगळ्या ठिकाणी, असलेच पाहिजेत. १९९७ सालापासून तज्ज्ञांची तशी स्पष्ट शिफारस आहे. बहुधा ही सोय डोमेनच्या शुल्कातच मिळते. डोमेनचे शुल्क एकदम काही वर्षांचे भरून टाकावे आणि नूतनीकरणाची सूचना एकाच व्यक्तीच्या खात्यावर येणार नाही, याची काळजी घ्यावी.

दुसरा पर्याय साठविलेल्या पत्रांच्या प्रतीचा. राखीव सर्व्हर केवळ न आलेल्या पत्रांची काळजी वाहतो. तबकडी जळाली, तर आलेली दहा वर्षांची पत्रे जातात आणि ती कोणीही पुन्हा पाठविणार नाही. त्यांची रोजची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणे आणि ती उघडते की नाही हे तीन महिन्यांनी पडताळणे, ही खरी गरज. नावातील सारखेपणामुळे ‘बॅकअप सर्व्हर आहे’ म्हणजे ‘बॅकअप आहे’ असा समज होतो. तो फार महाग पडतो. तिसरा पर्याय सरळ विजेचा : चांगली बॅटरी, इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीची इंटरनेट जोडणी. याने सर्व्हर मुळात कमी वेळा बंद पडतो आणि पत्रे केवळ सांभाळली न जाता वाचलीही जातात.

चौथा पर्याय पैशाचा नाही, शिस्तीचा आहे. सर्व्हरची सारी माहिती एकाच कर्मचाऱ्याच्या डोक्यात असते. तो रजेवर गेला किंवा नोकरी सोडून गेला की संस्था आंधळी होते. ती माहिती कागदावर असावी, कार्यालयाच्या कपाटात मोहरबंद असावी आणि दुसऱ्या एका व्यक्तीला ती चालविता येत असावी. राखीव यंत्रापेक्षा राखीव माणूस अधिक मोलाचा. हेही जमणार नसेल, तर स्वतःचा सर्व्हर चालविण्याचा आग्रहच सोडून विश्वासार्ह सेवा भाड्याने घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

आणि ज्या सूचनांच्या मुदतीवर कोणाचे शिक्षण किंवा पोट अवलंबून आहे, त्या एकट्या ई-मेलवर सोडू नयेत. अर्ज मिळाल्याची पोच द्यावी, दूरध्वनी क्रमांक छापावा, मुदतीत सर्व्हर बंद असल्यास मुदत वाढेल असे जाहिरातीतच लिहावे. या तीन ओळींनी उमेदवाराला जे संरक्षण मिळते, ते कोणताही दुसरा सर्व्हर देऊ शकत नाही.

गाडी दारात येत नव्हती तोवर धाराशिवकरांनी येडशीला उतरणे हाच व्यवहार होता. दारात गाडी आल्यावरही कोणी सवयीने येडशीला उतरून वाट पाहत बसला, तर त्याला सावध प्रवासी म्हणता येणार नाही. दुसरा सर्व्हर मागणाऱ्या प्रत्येक प्रस्तावाला म्हणूनच एक साधा प्रश्न विचारावा : पत्र येथे थांबल्याने ज्याचे ते पत्र आहे त्याला काय मिळणार? या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत संस्थेने आपला पैसा गाठीशी ठेवावा, हेच श्रेयस्कर.